एकाच टाचणीवरच्या दोन चिठ्ठ्या

आमच्या गावाने मला जाहीरपणे पहिल्यांदा काही विचारलं, तेव्हा मी चुकीचं उत्तर दिलं.

त्या वर्षी मी खामगावच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि दिवाळीच्या सुटीत घरी आले होते. आमचं गाव पिंपळगाव राजाच्या पलीकडे, नाल्याच्या वळणावर आहे. घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. पदवी मिळाली तेव्हाचा माझा काळा झगा घातलेला फोटो वडिलांनी मोठा करून आणला आणि तसबिरींच्या रांगेत, गजानन महाराजांच्या शेजारी लावला. आई सकाळी उदबत्ती ओवाळताना माझ्यावरूनही ओवाळायची. मी जिवंत होते म्हणून हार तेवढा घातला नव्हता.

त्या वर्षी कापसावर लाल ढेकूण फार होता. बोंड उमललं की हे कीटक झुंडीने येतात, आतल्या सरकीत सोंड खुपसून रस पितात, आणि पांढऱ्या कापसावर पिवळट डाग पडतात. पहिल्याच वेचणीला बायांच्या ओटीतून कापसाबरोबर ढेकूण निघत होते. चिरडले की वास यायचा आणि बोटंही रंगायची. पारावर दुसरा विषय नव्हता.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिथून जात असताना आमच्या शेजारच्या वावराचे चाचा मला हाक मारून उठले. त्यांचं नि आमचं शेत मध्ये एक धुरा, म्हणजे बांध, सोडून लागूनच. माझ्या वडिलांचे ते लहानपणापासूनचे दोस्त, आणि गावात कोणाची फिरकी घ्यायची असेल तर लोक त्यांच्याकडेच बघायचे. मी किड्यांचा अभ्यास करते हे कळल्यापासून ते मला डॉक्टरीण बाई म्हणत. त्यांच्या हातात रुईची एक फांदी होती, नाल्याकाठून तोडून आणलेली. रुईच्या त्या जोडफळांवर लाल-काळे किडे दाटीवाटीने बसले होते.

"हे पाय बरं डॉक्टरीण बाई. हे तेच हायत ना, पऱ्हाटीवरचे?"

पारावर दहा-बारा माणसं होती. वडीलही होते. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी फांदीकडे पाहिलं. किती वेळ पाहिलं, तर रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारसायकलीकडे आपण जेवढं पाहतो, तेवढं. लाल होते, लांबट होते, अंगावर काळं होतं. लहानपणापासून मी लाल किड्याला पऱ्हाटीवरचा, म्हणजे कापसाच्या झाडावरचा, ढेकूणच म्हणत आले होते. आमच्याकडे तांबडा किडा म्हणजे कापसाचाच. दुसरा असू शकतो असा विचारच आमच्या मुलखात कोणाच्या मनात येत नाही.

"हो, तेच," मी म्हणाले. आणि कोणी विचारलं नसताना पुढे जोडलं, "रुईवर राहत असतील आणि बोंडं फुटली की कापसावर येत असतील."

पहिलं वाक्य चूक होतं. दुसरं त्याहून वाईट होतं, कारण त्यात उपाय होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गावाने नाल्याकाठची रुई तोडायला घेतली. पहिला घाव माझ्या वडिलांनी घातला. रुईचा चीक डोळ्यात-तोंडात गेला तर फार त्रास होतो, म्हणून सगळ्यांनी तोंडाला दुपट्टे बांधले होते. दुपारपर्यंत दोन्ही काठ मोकळे झाले. पानं उन्हात मलूल पडली होती आणि तुटलेल्या बुडख्यांतून पांढरा चीक गळत होता. वडील घरी आले ते खुशीत. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "माह्या पोरीनं ओळखलं. इतके साल आपण सारे पायतच होतो."

मग राहिला मारुतीच्या मागचा ताटवा. गावात सगळ्यात दाट रुई तिथे होती आणि ती गुरवीण काकूंच्या हातची होती. त्या विधवा, साठीच्या पुढच्या. दर शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ त्या घालायच्या, आणि ज्या घरांचा नवस असेल त्यांनाही माळा करून द्यायच्या. सुगीत घराघरातून त्यांना ज्वारी, तूर, डाळ येई ती त्याच कामाची. पान खुडण्याआधी त्या फांदी हलकेच दगडावर टेकवत, म्हणजे किडे घरंगळून खाली पडत. मग फडक्याने पान पुसत, देठाला देठ गुंफत.

लोकांनी त्यांना सांगितलं की ही रुईही जाणार. काकूंनी वाद घातला नाही. कार्तिकातले शनिवार होऊ द्या, एवढंच म्हणाल्या. मारुतीचं काम म्हणून लोकांनी तेवढं मानलं. कार्तिक संपला की ताटवा तोडायचा असं ठरलं.

संध्याकाळी काकू आमच्या ओट्यावर आल्या. आईने चहा दिला. तो पिऊन झाल्यावर त्या माझ्याकडे वळल्या.

"तुले खात्री हाय नं पोरी?"

"हो काकू. पुस्तकात आहे," मी म्हणाले.

पुस्तक मी उघडलंच नव्हतं.

सुटी संपवून मी खामगावला परतले. आमच्या प्रकल्पासाठी प्रत्येकाला कीटकांचा छोटा संग्रह करायचा होता. मी बिया खाणाऱ्या ढेकणांचा विषय घेतला होता, कारण ते घरच्या वावरातच मिळतात आणि त्यासाठी कुठे जायचं भाडं लागत नाही. मिठाईच्या खोक्यात थर्माकोलचा तुकडा बसवून मी तीन ओळींत कीटक टाचले होते. एका ओळीत कापसावरचे, दुसरीत रुईवरचे, तिसरीत ते लहान राखाडी ढेकूण, जे वेचलेल्या कापसाच्या ढिगात सापडतात. ढेकूणवर्गातला कीटक टाचायचा तर त्याच्या पाठीवर पंखांच्या मध्ये जी तिकोनी ढाल असते तिच्यातून, जरा उजव्या अंगाने टाचणी घालायची. ते मी नीट केलं होतं. पहिल्या दोन्ही ओळींत, प्रत्येक टाचणीवरच्या चिठ्ठीवर मी एकच नाव सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: कापसावरील लाल ढेकूण.

आमच्या सरांनी खोका हातात घेतला. सर कमी बोलणारे. ते रोज सायकलवर येत आणि सायकलच्या कॅरिअरला त्यांची कीटक पकडायची जाळी लावलेली असे.

"पहिल्या दोन ओळींत किती जाती आहेत?"

"एकच, सर."

"परत बघ," ते म्हणाले, आणि तासाला निघून गेले.

मी दुपारभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले. आधी मला फरक दिसला नाही, कारण मला तो नको होता. मग एकेक अवयव घ्यायचा ठरवलं, जसं आम्हाला शिकवलं होतं. मिशा, सोंड, छाती, पंख. कापसावरच्या किड्याच्या मानेशी पांढरी पट्टी होती, जणू कॉलर. प्रत्येक पंखावर एकच काळा ठिपका होता. रुईवरच्याला कॉलर नव्हती. त्याच्या पाठीवर काळ्या रंगाची मोठी नक्षी होती आणि पंखाच्या पातळ, काळ्या टोकावर पांढरं टिंब. हे तर भिंगाशिवायही दिसलं असतं. मग मी डोकं पाहिलं. रुईवरच्या किड्याच्या मोठ्या डोळ्यांच्या मागे, डोक्याच्या वरच्या बाजूला, मण्यांसारखे दोन बारीक साधे डोळे चमकत होते. कापसावरच्याला ते नव्हतेच. मी दुसरा पाहिला, तिसरा पाहिला. एकालाही नव्हते.

सर परत आले तेव्हा मी त्यांना ते दोन डोळे दाखवले. सरांनी मान डोलावली. मग फळ्यावर वंशवृक्षाची मोठी फांदी काढून त्यांनी समजावलं. रुईवरचा कीटक लायगेइडी या कुळातला, म्हणजे ज्यांना खऱ्या अर्थाने बी-ढेकूण म्हणतात त्यांच्यातला. कापसावरचा लाल ढेकूण पायरोकोरिडी या वेगळ्याच कुळातला. दोघे लांबचे नातेवाईक, पण घरं निराळी. दोघेही बियांचा रस पितात, दोघेही लाल. रुईवरचा रुईचं विष अंगात साठवतो आणि लाल रंगाने पक्ष्यांना बजावतो की मला तोंड लावू नका. लाल दिसलं की पक्षी लांब राहतो. बारकावे बघत बसणं त्याला परवडत नाही.

माझं काम मात्र बारकावे बघण्याचंच होतं.

तिसऱ्या ओळीतल्या राखाडी ढेकणाचंही सांगितलं. जुन्या पुस्तकांत तोही लायगेइडीतच होता. त्या एका कुळात पूर्वी पुष्कळ कीटक एकत्र कोंबले होते. पुढे अभ्यासकांनी नीट तपासून त्या कुळाची बरीच कुळं केली आणि राखाडी ढेकणाला त्याचं स्वतःचं कूळ मिळालं. मी विचारलं, मग आधीचे लोक चुकले होते का. सर म्हणाले, त्यांनी पाहिलं होतं तेवढ्यावरून सांगितलं, पुढच्यांनी जास्त पाहिलं.

मी रुईच्या ओळीतली चिठ्ठी ओढून काढायला लागले. सरांनी माझा हात थांबवला.

"जुनी चिठ्ठी काढायची नाही. नवीन लिही आणि त्याच टाचणीवर खाली लाव. आधी कोणी काय म्हटलं, मग कोणी काय म्हटलं, दोन्ही राहिलं पाहिजे."

"चुकीचं असलं तरी?"

"चुकीचं असलं तरच जास्त."

तेव्हा मी त्यांना गावातलं सगळं सांगितलं. पारावरचं, नाल्याकाठचं, काकूंचं. मला वाटलं ते रागावतील. त्यांनी फक्त विचारलं, "कार्तिक संपायला किती दिवस आहेत?"

दहा दिवस होते.

मला आधी पुरावा हवा होता, नुसतं नाव नको. वसतिगृहाच्या खोलीत मी लोणच्याच्या दोन रिकाम्या बरण्या धुऊन वाळवल्या. एकीत रुईवरचे जिवंत ढेकूण ठेवले आणि त्यांच्यापुढे कापसाचं बोंड ठेवलं. दुसरीत कापसावरचे ठेवले आणि रुईचं फळ. माझी खोलीतली सोबतीण दोन दिवस तोंडावर ओढणी घेऊन झोपली. कापसावरच्यांनी रुईला तोंडही लावलं नाही. पण दुसऱ्या दिवशी रुईवरच्यांतले दोन सरकीवर जाऊन बसले. मला रडू आलं. आता गावाला काय सांगू, असं मी सरांना विचारलं. ते म्हणाले की बरणीत उपाशी कोंडलं तर उपाशीपणाच कळतो, त्यांचं खरं घर बघायचं असेल तर वावरात जा. शिवाय पुस्तकही दाखवलं. त्यात स्पष्ट होतं की रुईवरचे हे ढेकूण कधी कधी तिळावर, सूर्यफुलावर, इतर पिकांवरही आढळतात.

म्हणजे मला गावाला जाऊन असं सांगायचं नव्हतं की ते निरुपद्रवी आहेत. मी आधी खात्रीने चुकीचं बोलले होते. आता उलट बाजूने तसंच खात्रीने बोलले असते तर काय फरक पडला असता? मला जेवढं ठाऊक होतं तेवढंच सांगायचं होतं, आणि ते फार थोडं होतं.

शनिवारी दुपारच्या बसने मी घरी आले. सरांनी त्यांचं स्वतःचं भिंग दिलं होतं, पितळी कडीचं. जेवताना मी वडिलांना सगळं सांगितलं. त्यांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला.

"चूक झाली म्हनाची काय गरज हाय?" ते म्हणाले. "असं म्हन का शहरात नवा शोध लागला. शोध तं रोजच लागतात."

मी हसले, पण ते गंमत करत नव्हते. त्यांनी पहिला घाव घातला होता आणि अख्ख्या गावाला माझं नाव सांगितलं होतं. खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं मला पटायलाही लागलं होतं. नवा शोध लागला म्हटलं तर कोणाचीच मान खाली जात नाही. आईने त्यांच्या ताटात भाजी वाढली आणि शांतपणे म्हणाली, "गुरवीण काकूंनं तिले इचारलं होतं, खात्री हाय का म्हून. मी तिथंच होती." वडिलांनी जेवण आटोपलं, हात धुतले, आणि पारावर जायला माझ्या आधी तेच चपला घालून उभे राहिले.

पारावर मी उभी राहिले ती अवघडूनच. सुरुवातीलाच बोलून टाकलं. त्या दिवशी मी फांदीकडे नीट पाहिलं नव्हतं. रुईवरचा किडा आणि कापसावरचा किडा वेगळा आहे. नाल्याकाठची रुई माझ्या सांगण्यावरून तोडली गेली आणि माझं सांगणं चुकीचं होतं.

चाचांनी खिशातला रुमाल काढून घाम पुसला.

"मंग आता रुईले माफीनामा लिहून द्या डॉक्टरीण बाई. अंगठा मी देतो. कुऱ्हाड तं माहीच होती."

सगळे हसले. मीही हसले, आणि त्याने बरंच सोपं झालं. मग भिंग हातोहात फिरलं. पांढरी कॉलर सगळ्यांना दिसली, पंखावरचा एक ठिपका दिसला. डोक्यावरचे ते दोन डोळे कोणाला दिसले, कोणाला नाही. चाचा म्हणाले की माणसालेच दोन पुरत नाहीत, याले चार कायले पायजे.

पण पाटीलकीच्या घरातले एक काका गंभीर होते. त्यांनी विचारलं की हा रुईवरचा किडा पिकावर येतच नाही, असं मी लिहून देते का.

हाच प्रश्न येणार हे मला माहीत होतं. येतच नाही, असं एकदा म्हटलं असतं तर ताटवा त्याच दिवशी वाचला असता.

"लिहून देत नाही," मी म्हणाले. "तिळावर, सूर्यफुलावर तो कधी कधी आढळतो असं पुस्तकात आहे. या वेळी पुस्तक उघडून वाचलंय."

"मंग तोडा ना. तिखट खा का मिरची खा, एकच."

काही लोकांनी माना हलवल्या. मला वाटलं, झालं. पण मग मला सरांचं वाक्य आठवलं, वावरात जा. मी म्हटलं, कापसावरचा ढेकूण कुठून येतो ते आधी बघू, माझ्यासोबत चला. आणि मी चालायला लागले. मागे कोणी येतंय की नाही हे मी वळून पाहिलं नाही.

सहा-सातजण आले. मी त्यांना दुसऱ्या कोणाच्या नाही, आमच्याच वावरात नेलं. आमच्याकडे कापसाच्या धुऱ्यावर अंबाडी लावतात. तिच्या पाल्याची भाजी होते आणि सालीचे दोर. कार्तिकात अंबाडीची बोंडं पिकायला लागतात. अंबाडी, भेंडी आणि कापूस एकाच कुळातली झाडं, हे मी पुस्तकात शिकले होते, आणि लाल ढेकणाला हेच कूळ आवडतं हेही. मी अंबाडीची एक फांदी वाकवली. बोंडांच्या बेचक्यात लाल कीटक गर्दी करून होते. मी भिंग पाटील काकांच्या हातात दिलं. पांढरी कॉलर त्यांनी स्वतः पाहिली. पुढे विहिरीजवळ आईने बियाण्यासाठी राखलेली भेंडी होती, तिच्यावरही तेच. आणि परत आलो तेव्हा आमच्या घराच्या भिंतीला टेकवलेला मागच्या वर्षीच्या उरल्यासुरल्या पऱ्हाटीच्या काड्यांचा ढीग होता, चुलीसाठी ठेवलेला. त्याला न वेचलेली कवडी, म्हणजे किडकी, अर्धवट उमललेली बोंडं, तशीच चिकटलेली होती. वडिलांनी खालची काडी उचलली. पालापाचोळ्यातून तीन-चार लाल ढेकूण धावत सुटले.

"माय व्हय," चाचा म्हणाले. "चोर घरात, अन् आपण नाल्यावर कोयते घेऊन."

वडील त्या ढिगाकडे बघत राहिले. मग कोणीतरी विचारलं, "मंग पोरी, आता अंबाडी तोडाची काय?"

सगळे पुन्हा माझ्याकडे बघायला लागले, अगदी पारावर बघत होते तसेच. उत्तर माझ्या ओठांवर आलंही होतं.

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "मी या हिवाळ्यात दर रविवारी येऊन पाहते, कोण कुठून कुठे जातो ते. तोवर कोणीच काही तोडू नका. रुई पण नाही, अंबाडी पण नाही."

पाटील काका म्हणाले, शिकूनही माहीत नाही म्हणता. चाचा म्हणाले, "शिकली म्हून तं म्हणते. तुमी अन् मी कधी म्हनलं काय?"

तेवढ्यावर वेळ मिळाला. कापसाची शेवटची वेचणी होईपर्यंत ताटव्याला कोणी हात लावायचा नाही, असं ठरलं.

त्या हिवाळ्यात मी एकही रविवार चुकवला नाही. सकाळी पहिल्या बसने यायचं, दिवसभर कापसाच्या ओळी, धुरा, विहीर, मारुतीमागचा ताटवा, तिळाचं कापून झालेलं वावर असं फिरायचं, आणि संध्याकाळच्या बसने परत. झाडं ठरवून घेतली होती, त्यांना चिंध्या बांधल्या होत्या. वडील कधी माझ्याबरोबर चालत. वही त्यांच्याकडे असे आणि मी सांगे ते आकडे ते मोठ्या अक्षरात लिहीत. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाने लिहिलेली ती वही मी अजून ठेवली आहे. वेचणीच्या बायांना मी एक रिकामा डबा दिला होता. त्यात साबणाचं पाणी घालून त्या लाल ढेकूण झटकत, आणि डबा भरला की मला दाखवायला आणत, जणू बोरं वेचून आणली.

ताटव्याची मोजणी गुरवीण काकूंबरोबर चाले. कोणत्या झाडावर किती फळं, कोणती फुटणार, पिल्लं कुठे एकवटतात, हे त्यांना न बघता ठाऊक होतं. एका रविवारी पानं पुसता पुसता त्या सहज म्हणाल्या, "याले मानेवर पांढरं नाही. पऱ्हाटीवरच्याले असते."

मी वहीतून डोकं वर काढलं. "काकू, हे तुम्हाला केव्हापासून माहीत आहे?"

"लगन होऊन आली तवापासून. इकडं पान पुसतो, तिकडं वेचाले जातो. दिसतेच ना बाई."

"मग त्या दिवशी का नाही सांगितलं? आमच्या ओट्यावर आल्या होत्या तेव्हा?"

त्यांनी हातातलं पान आधी माळेत ओवलं.

"तू शिकेल हायेस. म्या म्हटलं, तुले आमच्याहून जास्त दिसत असन."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. त्या दिवशी संध्याकाळी बसमध्ये मी ठरवलं की माझ्या प्रबंधात जिथे ही खूण लिहीन, तिथे ती मला कोणी दाखवली हेही लिहीन. लिहिलं. "गावात माळा करणाऱ्या एका बाईंच्या निरीक्षणानुसार" असं ते वाक्य आहे. तोंडी परीक्षेला आलेल्या बाहेरच्या परीक्षकांनी त्यावर बोट ठेवून विचारलं की याला संदर्भ म्हणतात का. माझ्या आधी सर म्हणाले, हो.

हिवाळ्याअखेर जे दिसलं ते असं. रुईवरचे ढेकूण बहुतांशी रुईच्या फळांशीच राहिले. फळं फुटून बियांच्या म्हाताऱ्या उडाल्या की ते खाली पडलेल्या बियांवर उतरले. काही थोडे तिळाच्या वावरात सांडलेल्या दाण्यांवर सापडले, आणि मी तेही पारावर सांगितलं. कापसावर मला त्यांची झुंड कधीच दिसली नाही. लाल ढेकूण मात्र अंबाडी, भेंडी आणि कवडी यांच्या आधाराने टिकत होता. अंबाडी कोणी तोडली नाही, कारण भाजीशिवाय घरं चालत नाहीत. पण तिची बोंडं पिकायच्या आत दोरासाठी झाडं कापून घ्यायची, आणि पऱ्हाटी रचण्याआधी कवडी झटकून जाळायची, एवढं आमच्या आळीने सुरू केलं. सगळ्या गावाने नाही. लाल ढेकूण अजूनही येतो. मी कुठलाही चमत्कार केलेला नाही.

मारुतीमागचा ताटवा राहिला. शेवटची वेचणी झाली तरी कोणी कोयता काढला नाही, आणि मग तो विषयच कोणी काढला नाही. नाल्याकाठची रुई मुळांतून आपोआप फुटली. दोन पावसाळ्यांत ती कमरेएवढी झाली. तिला माझ्या माफीची गरज नव्हती.

आता मी देऊळगाव राजाला एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. दर वर्षी अकरावीच्या मुलांना मी तो मिठाईचा खोका दाखवते. त्यातल्या रुईवरच्या किड्याच्या टाचणीवर दोन चिठ्ठ्या आहेत, वरची माझ्या हातची आणि चुकीची, खालचीही माझ्याच हातची. मुलं विचारतात, मॅडम, वरची काढून टाका ना. मग मला सगळं सांगावं लागतं, आणि मुलांना मी शिकवलेल्यातलं तेच सगळ्यात जास्त लक्षात राहतं.

मागच्या दिवाळीत घरी गेले तेव्हा चाचा काडेपेटी घेऊन आले. आतून खुडखुड आवाज येत होता. त्यांनी ती माझ्यापुढे धरली.

"हा कोन्त्या घरचा ते सांग."

मी पेटी उघडली. तांबूस किडा होता, पण ओळखीचा नव्हता. मानेवर पट्टी नव्हती, पाठीवर नक्षी नव्हती. मी चाचांना विचारलं, कोणत्या झाडावर होता.

"झाडावर कुठचा? माह्या गाडीच्या सीटवर होता. मारुतीमागं गाडी लावली होती, काकूंच्या रुईखाली."

"मग रुईवरचाच," वडील ओट्यावरून म्हणाले.

"रुईखालचा," मी म्हणाले. "चाचा, पेटी ठेवून जा. पाहून सांगते."

"किती दिवस?"

"माहीत नाही."

चाचा वडिलांकडे बघून हसले आणि चहाला बसले. मी कागदाचा एक तुकडा कापला. त्यावर गावाचं नाव लिहिलं, तारीख लिहिली, आणि खाली लिहिलं: रुईच्या ताटव्याखाली, मोटारसायकलच्या सीटवर. कीटकाच्या नावाची जागा कोरी ठेवली.